फोन उघडला नाहीत, त्याबद्दल आभार

मारुती रोडच्या बोळातले मोबाईलवाले दादा,

स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होता, "ताई, माझं नाव कुठं घेऊ नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली पोरं माझ्याकडनंच टेम्पर्ड ग्लास नेतात." पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण दुकानात मानायला आले की तुम्ही मान खाली घालून स्क्रू शोधायला लागता.

मी सांगलीत विश्रामबागला घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मापं, गळ्याच्या डिझाइनचे फोटो, "उद्या मिळेल ना?" असे निरोप, सगळं फोनवर. ऐन लग्नसराईत तो सात महिन्यांचा फोन चाळीस टक्के चार्जिंग असताना आपोआप बंद पडायला लागला. चालू केला की कंपनीचं नाव यायचं, जायचं, परत यायचं. जिथून घेतला त्या दुकानात गेले. विकताना थंड पाजून वर जादा वॉरंटीचं पॅकेज गळ्यात मारायला बघत होते; आता म्हणाले, "सात दिवसांत आणला असता तर बघितलं असतं. आता आमचा संबंध नाही, सर्व्हिस सेंटरला जा." सेंटरला बसवून ठेवलं आणि काउंटरवरून सांगितलं, "पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही. बोर्ड बदलावा लागेल." बोर्ड म्हणजे फोनच्या आतलं मुख्य सर्किट. खर्च ऐकला तर फोनच्या निम्म्या किमतीच्याही वर. कागद नाही, सही-शिक्का नाही, सगळं तोंडी.

तुमच्याकडे आले ती बाहेर स्वस्तात काम होईल म्हणून. दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथे मागचं झाकण उचकटून बसला असता. मी तर पैसे पर्समधून काढूनच उभी होते. तुम्ही पहिलं विचारलंत, "बिल आहे का?" दुसरं, "वॉरंटी किती राहिलीय?" आणि मग फोन माझ्याकडे सरकवून म्हणालात, "मी ह्याला हात लावणार नाही. मी एक स्क्रू काढला की उद्या ते म्हणतील, बाहेर उघडलाय. मग खरंच वॉरंटी गेली."

मला तेव्हा रागच आला होता. सगळेच नाही म्हणत होते, त्यात तुम्ही एक.

पण तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. पिन घालून सिमचा ट्रे काढलात, डोळ्याला भिंग लावलंत आणि टॉर्चचा उजेड आत पाडून मलाही बघायला लावलंत. त्या खाचेत आत एक बारीक पट्टी असते आणि पाणी लागलं की ती लाल होते, हे मला कोण सांगणार होतं? माझी पट्टी पांढरीशुभ्र होती. सगळ्या मॉडेलला ती बाहेरून दिसत नाही, काहींना आत बोर्डावर असते, हेही तुम्ही सांगितलंत. चार्जिंगच्या भोकात हिरवट-पांढरा गंज नव्हता, कॅमेऱ्याच्या काचेत आतून वाफ नव्हती. "2019 च्या महापुरानंतर ह्या टेबलावर फोनांची रास होती ताई. पाणी गेलेला फोन कसा असतो ते आम्हाला नका शिकवू म्हणावं," हे तुमचं वाक्य मी सेंटरला जसंच्या तसं ऐकवलं.

मग बिल शेजारी ठेवून, फोनच्या पाठीवर छापलेला पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, आणि ती पांढरी पट्टी एकाच व्हिडिओत घेतलीत, म्हणजे हा फोन दुसराच आहे असं म्हणायची सोय राहू नये. चार्जरला लावून ठेवला की फोन थोडा तग धरतो हे तुमच्याच लक्षात आलं. बोर्ड बदलला की आतलं सगळं जातं, म्हणून तेवढ्या वेळात माझ्या गिऱ्हाइकांची मापं आणि फोटो कार्डावर उतरवून दिलेत. मध्ये फोन बंद पडला की परत पहिल्यापासून. एवढं करून पैसे विचारले तर म्हणालात, "मी दुरुस्त काय केलं?"

सेंटरला काय मागायचं तेही तुम्हीच शिकवलंत. जॉबशीट, म्हणजे तक्रारीची नोंद केलेला त्यांचा कागद, घ्यायचीच. त्यावर तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावायची, "आपोआप बंद होऊन परत चालू होतो" अशी. नुसतं "फोन चालत नाही" नाही. सही करायच्या आधी वाचायचं, कारण ओरखडे आणि पाणी यांच्या चौकटींत आधीच टिकमार्क असू शकतात. नाकारत असतील तर का, ते लिहून मागायचं आणि पाणी कुठे दिसलं त्याचा फोटोही. आणि फोन हातात येऊन चालू झालेला बघेपर्यंत ओटीपी सांगायचा नाही, कारण त्या ओटीपीने त्यांच्याकडे काम पूर्ण झाल्याची नोंद होते.

काउंटरवरच्या मुलीला मी "लिहून द्या" म्हटल्यावर ती आत जाऊन आली, परत गेली, परत आली. तिच्यावर माझा राग नाही. आतून जे सांगतात तेच ती बाहेर बोलते. जॉबशीट मिळाली, पण पाण्याचा फोटो काही कुणी दिला नाही आणि फोनही घेतला नाही. तेव्हा तुम्ही सांगितलेला 1915 लावला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मला वाटलं हिंदी-इंग्रजीत अडखळावं लागणार, पण मराठीत बोलता आलं. बिलाची तारीख, आयएमईआय, जॉबशीटचा नंबर, सगळं विचारून तक्रारीचा क्रमांक दिला. ते कोर्ट नव्हे, हुकूम सोडत नाहीत, तक्रार कंपनीपर्यंत पोचवतात, हे तुम्ही आधीच बजावलं होतं, म्हणून मी उगाच दुसऱ्या दिवशी सकाळी फोनची वाट बघत बसले नाही. कंपनीकडून फोन आला तेव्हा बोलणारा माणूस भलताच गोड होता. व्हिडिओ पाठवा म्हणाला. पाठवला. त्यानंतर त्याच सेंटरमध्ये, त्याच काउंटरवर, "मॅडम बसा ना."

बोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला. बिल शून्य.

नसतं झालं तर पुढचा रस्ताही तुम्ही मला काउंटरवरच्या वहीच्या पानावर लिहून दिला होता, तो अजून जपून ठेवलाय. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, 20 जुलै 2020 पासून लागू. आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मला सांगलीतच. कंपनी दिल्लीची असो नाहीतर बेंगळुरूची. किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. "दुकानदार संबंध नाही म्हणतो ना? त्याचंही नाव घालायचं," हे पानाच्या तळाशी दोनदा अधोरेखित केलंय तुम्ही. त्या दुकानदाराला मी ते पान नुसतं दाखवून आले. दाखवायची गरज नव्हती, तरी आले.

आणि एक गोष्ट, जी सेंटरने सांगितलीच नाही. बोर्ड बदलला की बहुतेकदा फोनचा आयएमईआयही बदलतो. बिलावर जुना, खोक्यावर जुना, फोनमध्ये नवा. पुढे वॉरंटीत परत काही निघालं किंवा फोन चोरीला गेला, तर बिल आणि फोन जुळणार नाही. तुम्ही स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून नवा नंबर दाखवलात आणि म्हणालात, बोर्ड बदलल्याची ही जॉबशीट बिलालाच टाचून ठेवा. ठेवलीय. आता आमच्या गल्लीतल्या प्रत्येकीला मी हेच सांगत सुटलेय, मशीनवर बसल्या बसल्या.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पेढे दिले तर म्हणालात शुगर आहे. तेव्हा वहिनींना सांगा, घरातल्या जेवढ्या साड्यांचं फॉल-पिको राहिलंय त्या सगळ्या एका पिशवीत घालून दुकानात ठेवा. शनिवारी मी स्क्रीनगार्ड बदलायला येणारच आहे, तेव्हा घेऊन जाईन. मॅचिंग फॉल माझ्याकडे आहेत. आणि स्क्रीनगार्डचे पैसे मात्र घ्यायचे, त्यावर वाद नको.

आपली,
विश्रामबागची ब्लाउजवाली ताई