यीस्टला साखर, मोळी कुणाच्या डोक्यावर?

महोदय,

सिंथेटिक बायोलॉजी, म्हणजे जनुके बदलून हवे ते काम करणारे जीव घडवण्याचे शास्त्र. त्याच्या नैतिकतेची चर्चा दोनच प्रश्नांभोवती घुटमळते: माणसाने नवा जीव घडवावा का, आणि तो प्रयोगशाळेतून निसटला तर काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. स्त्रीवादी अभ्यासक मात्र आधी विचारतात, यात राबते कोण आणि हिशेबातून वगळले जाते कोण? कोल्हापुरात तरी हाच प्रश्न पहिला यावा. या उद्योगाचा कच्चा माल, ऊस, आपल्या शिवारात पिकतो.

चेहऱ्याच्या क्रीममधले स्क्वालेन हे तेल पूर्वी मुख्यतः शार्कच्या यकृतापासून मिळे. आता जनुके बदललेले यीस्ट उसाच्या साखरेपासून फार्नेसीन नावाचे तेलकट रसायन बनवते. त्याचे दोन रेणू जोडून हायड्रोजन दिला की स्क्वालेन तयार. ब्राझीलमध्ये ब्रोटास येथे असा कारखाना उभा राहिला. शार्क वाचले, याचा आनंदच आहे. पण हिशेब मांडा. यीस्टच्या मूळ चयापचय मार्गाने फार्नेसीनच्या एका रेणूला ग्लुकोजचे किमान साडेचार रेणू लागतात, म्हणजे किलोमागे सुमारे चार किलो साखर. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात यीस्टची स्वतःची वाढ साखर खाते, आणि मोठ्या टाकीत उत्पादन सोडून नुसत्याच वाढणाऱ्या उत्परिवर्तित पेशी हळूहळू वरचढ होतात. उसातून साखरेचा उतारा १२ टक्के धरला, तर नुसत्या कागदावरच्या हिशेबानेही किलोभर तेलामागे ३३ किलो ऊस. साधारण एक मोळी.

साओ पाउलोत तोडणी बहुतांशी यंत्राने होते. आपल्याकडे ती मोळी डोक्यावर घेऊन बाई फळीवरून ट्रकमध्ये चढते. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, ‘कोयत्या’ला, म्हणजे जोडप्याला मिळून, आणि बहुधा नवऱ्याच्या हातात. कामावर खाडा झाला की दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दुखण्यात खाडा न परवडणे हे त्यामागचे एक ठळक कारण.

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये जैव-उत्पादनासाठी बायोई३ धोरण मंजूर केले. साखरेला नवी गिऱ्हाइके येतील. जनुके बदललेल्या जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांखालची संस्थात्मक जैवसुरक्षा समिती जीव निसटणार नाही ना, कचरा कुठे जातो, हे तपासते. साखर कुणाच्या श्रमाची, हे तिच्या कक्षेतच नाही. ते आणायला हवे.

यीस्टसाठी रस, साखर किंवा मळी विकणाऱ्या कारखान्याने मालासोबत दाखला द्यावा: करार बाईच्या स्वतंत्र नावाने, मजुरी तिच्या खात्यात, पाळी व बाळंतपणात खाड्याचा दंड नाही, मजुरांच्या कोप्यांजवळ पाणी आणि शौचालय. दाखला नसेल तर खरेदीदाराला सरकारी अनुदान नको. हार्वेस्टर आणा, असे उत्तर मिळेल. पण तुकड्यातुकड्यांच्या रानात यंत्र वळत नाही, आणि जिथे वळते तिथे या बाईची मजुरीच जाते. दाखल्याचा मसुदा पावसाळ्यातच व्हावा. मुकादमाने उचल वाटली की अटी बदलत नाहीत.

– जैवतंत्रज्ञानाच्या काही अध्यापिका, कोल्हापूर