आधी मीटर वाचायला शिकवा

महोदय,

ऊर्जाबचतीचा विषय निघाला की शाळांमध्ये घोषवाक्यांचे फलक लागतात, चित्रकला स्पर्धा होतात, आणि तेच फलक लावलेल्या वर्गातले पंखे मधल्या सुट्टीत फिरतच राहतात. याचा दोष मुलांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते, कारण कशाला किती ऊर्जा लागते याचा अंदाजच आपण त्यांना दिलेला नाही. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज खर्च होते, हे विद्यार्थी परीक्षेत अचूक लिहितात. परंतु घरच्या वीजमीटरवरचा आकडा वाचून दाखवा म्हटले की गोंधळतात, असा विज्ञानाचा शिक्षक म्हणून माझा अनुभव आहे.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकणार, हा आकडाही सहसा तिथेच छापलेला असतो. तो ३२०० असेल, तर ९ वॅटचा एलईडी दिवा एकटाच चालू असताना सुमारे दोन मिनिटांत एकदा लुकलुक होते; २००० वॅटचा गीझर सुरू केला की ती मिनिटाला शंभराच्या वर जाते. घड्याळ समोर ठेवून हे ज्याने एकदा मोजले, त्याला बचत कुठून सुरू करायची हे वेगळे सांगावे लागत नाही. (मोजणी अर्थातच मोठ्यांच्या देखत आणि दुरून व्हावी, मीटरला हात लावण्याचे कारण नाही.)

वर्गातही असेच प्रश्न विचारले जावेत. पंखा खोलीतली हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवून आपल्याला गारवा देतो; मग रिकाम्या वर्गात तो कोणासाठी फिरतो? शिवाय ऊर्जा म्हणजे केवळ वीज नव्हे. उघड्या भांड्यातले पाणी उकळू लागल्यावर आच कितीही वाढवली तरी त्याचे तापमान वाढत नाही, वाफ तेवढी जास्त होते, हे मुलांनी प्रयोगशाळेत तापमापक लावून पाहावे आणि मगच घरच्या स्वयंपाकघरात आच मंद करण्याचा आग्रह धरावा.

माझी सूचना एवढीच आहे की, शाळेचे वीजबिल कपाटात न ठेवता दर महिन्याला वर्गात आणावे, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी ते ताडून पाहावे आणि फरकाचे कारण मुलांना शोधू द्यावे. शाळा बंद असलेल्या दिवसांतही मीटर किती पुढे सरकला, हे त्यांनी तपासले, तर पहिली पंचाईत बहुधा आम्हा शिक्षकांचीच होईल.

आपला,
एक विज्ञान शिक्षक