कापूस वेचणारे हात

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. शुभांगी हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी तू कापूस वेचणाऱ्या बाईची गोष्ट घेतलीस हे कळलं. आईला तर फार आनंद झाला. तू विचारलंस, बाबा, तुमचे आवडते दिग्दर्शक कोण आणि त्यांचं सगळ्यात चांगलं काम कोणतं? नावं फोनवरही सांगितली असती, पण ती काहून आवडतात ते लिहूनच नीट सांगता येईल.

मी सिनेमात आधी माणसाचं काम बघतो. पडद्यावरच्या माणसानं वखर धरला तर त्याचं वजन हातावर येतं का, बाईनं पाणी शेंदलं तर घागर भरलेली वाटते का. ज्याला एवढं साधलं, त्याच्या पुढच्या सगळ्या गोष्टीवर मी विश्वास टाकतो.

म्हणून माझ्या मनात पहिलं नाव बिमल रॉय यांचं. त्यांचा ‘दो बिघा जमीन’ १९५३ सालचा. शंभूचं वावर जमीनदाराच्या कर्जात अडकतं आणि ते सोडवायला तो कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. शंभू झालेल्या बलराज साहनींनी त्यासाठी खरोखर रिक्षा ओढायचा सराव केला होता. त्यातला एक प्रसंग थांबवून थांबवून बघ. पुढच्या रिक्षात एक बाई निघून चालली आहे, मागे शंभूच्या रिक्षात तिचा माणूस. तो म्हणतो, आणखी जोरात, जास्त पैसे देतो. शंभू पळतो. तो पैसे वाढवतो, शंभू आणखी पळतो, आणि शेवटी चाक निखळतं. कर्ज माणसाच्या पायात कसं उतरतं ते त्या पळण्यात दिसतं, एकही भाषण न करता. आणि शेवट! वावराच्या जागी कारखाना उभा राहतोय, शंभू तिथली मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी तीही खाली टाकायला लावतो. आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्या कुणाला हा सिनेमा जुना वाटेल असं मला वाटत नाही.

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’, १९५५. सगळे त्यातल्या आगगाडीबद्दल बोलतात, मला मात्र तिच्या आधीची संध्याकाळ जास्त आवडते. दिव्याच्या उजेडात बाप पोराचा अभ्यास घेतोय, आई पोरीची वेणी घालतेय, म्हातारी इंदिर सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करतेय, आणि लांबून गाडीचा आवाज येतो. बस, एवढंच. घरातला प्रत्येक माणूस आपापल्या कामात आहे, म्हणून ते घर खरं वाटतं. ती पोरगी, दुर्गा, गेल्यानंतर बाप तिच्यासाठी आणलेली साडी पुढं करतो, तेव्हा आईचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजते. ती जागा मी अजून एकदाही कोरड्या डोळ्यांनी पाहिलेली नाही.

याच सिनेमाची एक हकीकत तुझ्या कामाची आहे. काशफुलांच्या रानातलं थोडं शूटिंग झालं आणि मंडळी काही दिवसांनी परत गेली, तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली. राय पुढच्या हंगामापर्यंत थांबले, पण दृश्य त्याच फुलांत घेतलं. हातात पैसा नसताना थांबले, हे ध्यानात ठेव. कापसाचंही तसंच आहे. तुझं युनिट फेब्रुवारीत येणार असेल तर तुम्हाला वाळलेल्या पऱ्हाट्या मिळतील, पांढरं वावर मिळणार नाही. यायचं तर आताच या.

कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) तू मागच्या सुट्टीत पेन ड्राइव्हवर दिला होतास. साडेतीन तासांचा आहे आणि खालचं इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, म्हणून तीन रात्री पुरवून पाहिला. लढाया उत्तमच आहेत. पण पीक तयार झालं की लुटारू येणार, हा त्या गावाचा धाक मला आतून समजला. शेवटी जिवंत राहिलेले सामुराई मित्रांच्या कबरींपाशी उभे आहेत आणि खाली लोक ढोल वाजवत, गाणं म्हणत भाताची लावणी करतायत. जिंकलो आपण नाही, ते शेतकरी जिंकले, असं म्हातारा सामुराई म्हणतो. एवढ्या मोठ्या युद्धपटाचा शेवट लावणीवर करायला दिग्दर्शकाला जमिनीची खरी कदर लागते.

आपल्या मराठीत जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ (१९७७) त्यातल्या पोळ्यांच्या मधासाठी आणि डोंगरासाठी बघच. पण माझा जीव नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) अडकलेला आहे. ‘सैराट’ची गाणी गावभर वाजली, मलाही आवडली, तरी ‘फँड्री’ वरचढ. शाळकरी पोरगा जब्या, त्याचं सगळं घर डुकराच्या मागे धावतंय आणि शाळेतली पोरं बघून हसतायत. हाताशी आलेलं डुक्कर समोर, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निघून जातं. पुढं पकडलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र दिसतं. मंजुळे तिथं काहीच समजावून सांगत नाहीत. डुक्कर पकडण्याचं काम इतका वेळ, इतक्या जवळून दाखवलंय की त्यातला अपमान बघणाऱ्याच्या अंगावर येतो.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो आपला, कापसाच्या मुलखातला. शेजारी शेतकऱ्याची आत्महत्या होते आणि किस्ना या शेतकऱ्याची बायको अलका धास्तावते. नवऱ्याला एकटं सोडायचं नाही म्हणून ती लहानग्या पोराला, दिनूला, त्याच्या मागे पाठवते, घरात त्याच्या आवडीचं गोडधोड करते. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांनी ते घर उभं केलंय. आपल्याकडच्या शेतकऱ्यावर बाहेरून आलेली माणसं सिनेमा करतात तेव्हा तो बहुतेक वेळा आभाळाकडे बघत बसलेला असतो. या सिनेमातला किस्ना खटपट करतो, चिडतो, हसतो, बी टोबतो. तुझी बाईही अशी जिवंत असू दे.

आता तुझ्या कामाचं. बाईचा चेहरा तू घेशीलच, पण हात आधी घे. वेचताना दोन्ही हात चालतात आणि नजर पुढच्या बोंडावर असते. वाळलेल्या बोंडाच्या कडा टोकदार असतात, नखांच्या बाजूची कातडी त्यांनी फाटते. बोंडअळी लागलेलं बोंड नीट उमलत नाही, त्यातली कवडी ओढून काढावी लागते आणि तिथं हात अडकतो. कमरेची झोळी भरत जाते तशी चाल बदलते. हा बदल एका शॉटमध्ये घेता आला तर बघ, नाहीतर रिकामी आणि भरलेली, दोन्ही चाली वेगवेगळ्या घे. दव असेपर्यंत कापूस ओला असतो, ऊन चढलं की हात भराभर चालतात.

एक गोष्ट आधीच ठरवून ये. वेचणीची मजुरी किलोवर असते. कॅमेऱ्यासाठी कुणाला थांबवलं, पुन्हा करा म्हटलं, तर तेवढा तिचा कापूस कमी भरतो. युनिटकडून त्यांच्या दिवसाच्या मजुरीचे पैसे वेगळे काढून ठेव आणि शूटिंग सुरू व्हायच्या आधी सकाळीच हातात दे. आपल्या वावरातला दुसरा वेचा पुढच्या आठवड्यात आहे. किती जण येताय ते कळव, आई स्वयंपाकाचं बघते आहे.

तुझे,
बाबा