टीव्ही आत, वीज बाहेर

ति. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबांनी बाथरूममध्ये टीव्ही बसवायचा घाट घातलाय आणि वायरमन भिंत बघूनही गेलाय, हे आईकडून कळलं. मग बाबांनी फोन घेऊन आपली बाजू मांडली: ऑस्ट्रेलियातली टेस्ट पहाटे सुरू होते, तोच त्यांचा प्रातर्विधीचा वेळ, आणि हल्ली गुडघ्यांमुळे आत वेळ जास्त जातो. दोघांचंही ऐकून घेतलं. पण फोनवर मापं आणि आकडे राहत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितेय. हे पत्र वायरमनला वाचायला दिलंत तरी चालेल, नव्हे द्याच.

आई, तुला वाटत होतं मी एका वाक्यात 'नको' म्हणेन. तसं म्हणत नाही. माझं रोजचं कामच इमारतींच्या वायरिंगचं. हॉटेलांच्या बाथरूममध्ये असे टीव्ही असतात आणि नीट बसवले तर बिनघोर चालतात. मात्र वायरमनने जे सुचवलंय, म्हणजे हॉलमधला जुना बत्तीस इंची टीव्ही आत न्यायचा आणि गीझरच्या पॉइंटवरून लाइन काढून शेजारी सॉकेट द्यायचं, ते कुठल्याही परिस्थितीत होऊ द्यायचं नाही.

बाबा, तुम्ही शाळेत ओहमचा नियम शिकवलात, तेव्हा हिशोब तुम्हीच करून बघा. घरात येतात 230 व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. भागाकार केला की 230 मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला याच्या निम्माही प्रवाह पुरतो. आता हाच भागाकार 12 व्होल्टला करा: 12 मिलिअँपिअर, तेही डीसी. फार तर मुंग्या आल्यासारखं होईल. म्हणून टीव्ही घ्यायचा तो 12 व्होल्टवर चालणारा, आणि त्याचा अडॅप्टर बाथरूमच्या बाहेर, कोरड्या खोलीत ठेवायचा. आत जाईल ती फक्त 12 व्होल्टची वायर. अडॅप्टरवर चौकोनात चौकोन अशी खूण असली पाहिजे, ती दुहेरी इन्सुलेशनची. खूण नसेल तर दुकानदाराला परत द्या, कितीही स्वस्त असला तरी.

सुदैवाने आपल्या घरात याची सोय आयती आहे. कमोडच्या समोरची भिंत आणि तुमच्या खोलीतल्या कपाटाशेजारची भिंत एकच. त्या भिंतीला आरपार एक भोक पाडलं की वायर चार-साडेचार इंचांत पलीकडे गेली. भोक आडवं सरळ पाडू नये, खोलीकडून बाथरूमकडे किंचित उतरतं पाडावं, म्हणजे पाणी शिरलंच तरी परत आतच येईल, कपाटामागे जाणार नाही. अडॅप्टरकडे जाणाऱ्या वायरलाही खाली एक झोल ठेवायचा, ओघळ आलाच तर तिथून टपकतो. शेवटी दोन्ही तोंडं सिलिकॉनने बंद.

टीव्ही कुठे लावायचा याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. टब किंवा ट्रे नसलेल्या शॉवरच्या पक्क्या तोटीपासून 1.2 मीटर अंतरापर्यंत आणि जमिनीपासून 2.25 मीटर उंचीपर्यंतचा भाग धोक्याचा धरतात. आपलं बाथरूम लांबीला आठ फूट, म्हणजे जेमतेम 2.4 मीटर. शॉवर खिडकीकडच्या टोकाला, कमोड दाराकडे. म्हणजे कागदावर कमोडसमोरची जागा त्या हद्दीच्या अगदी काठावर, पण बाहेर पडते.

पण कागदावरच. हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जमीन कोरडी असणारं बाथरूम असतं, पायपुसणं अंथरलेलं. आपल्याकडे सुनंदामावशी दर दोन दिवसांनी बादल्या भरभरून भिंती धुतात, टाइल्स खराट्याने घासतात आणि वरून पाण्याची धार मारतात. त्यात कमोडशेजारी जेट स्प्रे, त्याची नळी हातभर लांब आणि तोंड बरोबर समोरच्या भिंतीकडे. नातवंडं सुट्टीत आली की त्या स्प्रेचं काय होतं ते मी सांगायला नको. त्यामुळे आपल्या घरापुरतं मी संपूर्ण बाथरूमच ओलं धरणार. टीव्हीवर आयपी म्हणून दोन आकडे लिहिलेले असतात: पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा 4 असला तर तो शिंतोडे सोसतो, 5 असला तर नळीची धार सोसतो. आपल्याला आयपी 65 च पाहिजे. साध्या टीव्हीला प्लास्टिक गुंडाळून भागवू नका. त्याच्या पाठीला हवेसाठी फटी असतात, वाफ तिथून आत जाते, गार सर्किटवर पाणी होऊन बसते, आणि प्लास्टिकमुळे ती बाहेरही पडत नाही.

आता खरं महत्त्वाचं. टीव्ही आला नाही तरी हे करून घ्याच.

मीटरबोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, आहे का बघा. वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणेल. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे, एवढाच त्याचा हिशोब. 30 मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे करंट भलतीकडून, कदाचित माणसातून जमिनीत चाललाय, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो लाइन तोडतो. "एमसीबी आहे की," असं वायरमन म्हणेल. एमसीबी म्हणजे वायरमधून जास्त करंट गेला की पडणारा स्विच. तो वायरला जपतो, माणसाला नाही. सोळा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर; तुमच्या अंगातून जाणारे 230 त्याच्या गणतीतही नाहीत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्या. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं, लाइट गेली पाहिजे. नाही गेली तर आरसीसीबी बदलायचा.

आणि बसवल्या बसवल्या आरसीसीबी पडत राहिला, म्हणजे सारखी लाइन तोडत राहिला, तर त्याला शिव्या देऊ नका. आपल्या घराच्या बाबतीत मला तीच शक्यता जास्त वाटते. 2019 च्या पुरात गावभागातल्या आपल्या घरात पाणी कमरेच्या वर होतं. 2021 ला पुन्हा आलं. मीटरबोर्ड आपण वर उचलून घेतला, टाइल्स बदलल्या, रंग दिला. पण भिंतीतल्या पाइपांमधून ओढलेल्या वायरी आणि त्यांचे जोड तेच आहेत. जुन्या गीझरच्या एलिमेंटमधूनही थोडा करंट गळत असू शकतो. आरसीसीबी पडतो तो यातलंच काहीतरी दाखवायला. पुष्कळ ठिकाणी वायरमन वैतागून तो बायपास करून टाकतात आणि मालकही "आता लाइट जात नाही" म्हणून खूश होतात. तसं झालं तर मला लगेच कळवा. एकेक सर्किट बंद करत गेलं की गळती कुठे आहे ते सापडतं.

अर्थिंगचंही तेच. पुराचा गाळ अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर बसला, त्यानंतर तिथे कुणी हात लावलेला मला आठवत नाही. खड्डा उघडून तार तुटली आहे का, गंजली आहे का, हे बघून घ्यायचं आणि अर्थ टेस्टरने मोजून घ्यायचं. नुसतं "आहे अर्थिंग" हे उत्तर घेऊ नका. नळाच्या पाइपला तार गुंडाळून दिलेलं अर्थिंग तर दिसताक्षणी काढायला लावा: त्याने शॉक अख्ख्या घराच्या नळांना वाटला जातो. हे काम लायसेन्सवाल्या ठेकेदाराकडूनच करून घ्या, पावती आणि टेस्ट रिपोर्टसकट.

आई, आता तुझा मुद्दा. तू म्हणालीस, "मला उठताना धरायला काही नाही आणि ह्यांना टीव्ही सुचतोय." अगदी बरोबर बोललीस. कमोडवरून उठताना समोरच्या भिंतीपर्यंत हात सहज पोचतो. तिथे टीव्ही असला आणि तोल गेला, तर माणूस जे हाताला येईल ते धरतो, मग तो टीव्ही का असेना. म्हणून त्या भिंतीवर आधी दांडा, मग टीव्ही. स्टीलचा दांडा कमोडच्या बाजूच्या भिंतीलाही एक आणि समोरही एक, अँकर फास्टनरने विटेत घट्ट, नुसत्या टाइलवर टांगलेला नको. बसवल्यावर कुणीतरी धडधाकट माणसाने त्याला लोंबकळून बघावं, वायरमनलाच सांग. टीव्ही दांड्याच्या वर, बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षा जरा उंच. त्याचं ब्रॅकेट भिंतीला चिकटून असणारं घ्या, पुढे ओढायच्या हाताचं अजिबात नको. आंघोळीला स्टुलावर बसून स्क्रीन तिरका दिसेल, तेवढं बाबा चालवून घेतील.

भोकं पाडण्याआधी 2021 ला टाइल्स काढल्या होत्या तेव्हाचे फोटो शोधा, बाबांच्या जुन्या फोनमध्ये असतील. त्या भिंतीतून गीझरचं गरम पाणी कुठून खाली आलंय ते त्यात दिसेल. साधारणपणे प्रत्येक नळाच्या बरोबर वर आणि खाली पाइप आहे असं धरूनच चालावं. टाइल फोडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, टाइलवर चिकटपट्टी लावून सावकाश. विटेत गेल्यावर हॅमर चालू. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. साध्या स्क्रूंना आपल्या बाथरूममध्ये एक पावसाळाही पुरे होतो.

सुनंदामावशींना ॲसिड वापरणं मात्र सोडायला सांगावं लागेल. त्याच्या वाफेने ब्रॅकेट, कड्या, सगळंच खातं, आणि त्यांच्या हातांना आणि छातीलाही ते चांगलं नाही. एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवत जा.

बाकी किरकोळ: बसल्या जागेपासून भिंत तीन फूटभर, बावीस इंचांच्या वर टीव्ही घेऊ नका, मान दुखेल. डिशची वायर आत आणायची नाही. ती गच्चीवरच्या छत्रीपासून येते, वीज पडली तर तिच्याबरोबर काय आत येईल सांगता येत नाही. टीव्ही वायफायवर चालेल, तुमच्या खोलीत राउटर आहेच. रिमोटही पाण्यात चालणारा असतो, टीव्हीबरोबरच मिळतो. आणि घरात गीझर विजेचा आहे म्हणून मी एवढं तरी कबूल करतेय. गॅसचा आत असता तर दार लावून मॅच बघत बसूच दिलं नसतं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

बाबा, हे सगळं फार वाटत असेल तर एक स्वस्त पर्याय सुचवते. चार्जिंगवर चालणारा, पाण्यात पडला तरी न बिघडणारा स्पीकर मिळतो. चार्जिंग बाहेर करायचं, आत नुसता ठेवायचा. मॅचचं समालोचन ऐकत आंघोळ. तुम्ही आयुष्यभर क्रिकेट रेडिओवरच ऐकलंय, आणि मला खात्री आहे की आईचा याला विरोध नसेल. पण निर्णय तुमचा.

या आठवड्यात दोनच कामं करा. मीटरबोर्डाचा फोटो पाठवा, झाकण न उघडता, नुसता बाहेरून. आणि वायरमनचा नंबर द्या, मीच त्याच्याशी बोलते. तुम्ही बोललात तर तो "काका, काही होत नाही" म्हणून ड्रिल चालू करेल. दांड्यांचे पैसे मी आजच पाठवतेय, ते टीव्हीकडे वळवायचे नाहीत. आई, लक्ष ठेव.

तुमची,
मनू