उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना

मामा, नमस्कार.

आजोबांचा 1951 चा शेवरोलेट ट्रक परवा अकरा वर्षांनी स्वतःच्या इंजिनावर अंगणाबाहेर पडला. हे तुमच्यामुळं झालं. चारचौघांना कळावं म्हणून पत्र उघड लिहितोय.

शाहूपुरीला गुळाच्या ढेपा वाहिलेली ही गाडी. जनरल मोटर्सनं 1928 पासून मुंबईत गाड्या जोडल्या आणि 1954 ला ते काम थांबवलं. आमची त्या शेवटच्या वर्षांतली. तिच्या 216 घनइंची इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडचं व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगच्या जागी ओतलेला मऊ धातू, पार गेलं होतं. मावसभावानं अमेरिकेहून 1958 चं 235 घनइंची इंजिन पाठवलं. दोन्ही शेवरोलेटचीच, दोन्ही सहा सिलिंडरची, बेलहाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचालाही जुळणारी. मला वाटलं, झालं काम. पण नव्याचा वॉटरपंप वरच्या अंगाला बसतो, शिवाय लांब. पंखा थेट रेडिएटरच्या जाळीवर! एका गॅरेजमध्ये सांगितलं, रेडिएटरचा आधार कापा आणि पुढं सरकवा. मी खडूनं खूणसुद्धा केली होती.

तुम्ही ती रेघ बघितलीत आणि अंगठ्यानं पुसून टाकलीत. ‘जुना पंप भंगारात घातला न्हाई न्हवं?’ एवढंच विचारलंत.

मग जे पाहिलं ते विसरणार नाही. गॅस्केटचा कागद ब्लॉकच्या तोंडावर धरून हातोडीच्या गोल डोक्यानं हलकं हलकं ठोकत तुम्ही एकेका भोकाचा ठसा उठवलात. त्याच कागदावर, थोडं खाली, जुन्या आखूड पंपाची भोकं आखलीत. त्यावरून जाड प्लेट कापून घेतलीत: मागची बाजू नव्या ब्लॉकला, पुढच्या बाजूला जुना पंप, मधून पाण्याची वाट. पंखा आपल्या जुन्या जागी आला. गाडीचा एक इंचही पत्रा कापावा लागला नाही. आजोबांच्या गाडीला करवत लागली नाही, याचं मोल मला पैशांत सांगता येत नाही, आणि तुम्ही तर फक्त प्लेटचे आणि कापणावळीचे पैसे घेतलेत.

ऑइलच्या मीटरचं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. जुन्या 216 मध्ये रॉडच्या तळाचे चमचे ऑइल घेतात, दाब बेताचाच. म्हणून डॅशबोर्डवरचं मीटर 30 पौंडांपर्यंत. नंतरच्या 235 ला शेल बेअरिंग, म्हणजे बदलता येणाऱ्या पातळ वाट्या, आणि तिथं ऑइल थेट दाबानं जातं. इंजिन सुरू होताच काटा टोकाला जाऊन चिकटला. मी घाबरून बंद केलं. तुम्ही शांतपणे समजावलंत, 60 चं मीटर लावलंत आणि जुनं कापडात गुंडाळून दिलंत: ‘जुन्या इंजिनासंगं ठेवा, दोघं एकमेकांची हाईत.’

ते इंजिन आता गोठ्याशेजारच्या खोलीत, फळ्यांवर आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणं दर महिन्याला सिलिंडरमध्ये ऑइल सोडून हातानं फिरवतो.

कागदाचा तो साचा तुम्ही मलाच दिलात. आणखी कुणाची अशी गाडी अडली असेल तर त्यांना मापं द्या, म्हणालात. तो मी जपून ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी घरी येऊन छापून न्यावा.

तुमचा,
गुळाच्या ट्रकवाला