संतरी ड्यूटी आणि पोस्टनिकोव्ह

प्रिय बाळा,

रविवारी फोनवर म्हणालास ना, आई काल पहिल्यांदा रात्रीची संतरी ड्यूटी लागली, दोन तास एकटाच उभा होतो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. तू गेल्यापासून मी जुन्या रशियन कथा वाचतेय, त्यातही सैनिकांच्याच शोधून शोधून. लेस्कोव्हची एक आहे, १८८७ ची, पण घडते १८३९ च्या हिवाळ्यात. पीटर्सबर्गला झारच्या राजवाड्यावर पोस्टनिकोव्ह नावाचा शिपाई पहाऱ्यावर असतो, जवळच नेवा नदी, थंडी कमी झाल्यामुळे तिच्यावरचा बर्फ ठिसूळ झालेला, आणि रात्री कुणीतरी त्यात पडून वाचवा वाचवा ओरडायला लागतं. जागा सोडली तर फार कडक शिक्षा, हे त्याला पक्कं माहीत. ऐकतो, ऐकतो, शेवटी राहवत नाही, धावत जातो, बंदुकीचा दस्ता पुढे करून त्या माणसाला ओढून काढतो आणि परत जागेवर येऊन उभा राहतो.

आणि पुढे काय, तर तिथून स्लेजमधून जाणारा भलताच एक अधिकारी त्या माणसाला पोलिसांकडे नेतो, मीच वाचवला म्हणतो, मेडल त्याला. पोस्टनिकोव्हला छड्यांचे २०० फटके. आणि तो खूश होतो रे, कारण कोठडीत बसून त्याने याहून कितीतरी वाईट धरून ठेवलेलं असतं! दवाखान्यात साहेब बघायला येतात, एक पौंड साखर नि थोडा चहा द्यायला सांगतात, तर हा त्यांचे आभार मानतो. मला तर त्या दिवशी चहा गेलाच नाही.

त्या काळी तिकडे भरती म्हणजे २५ वर्षं, घरचे पोरगा गेला असंच समजून रडून निरोप द्यायचे. १८७४ साली कायदा बदलला, मग ६ वर्षांवर आलं.

लिहिणारेही नुसते घरी बसून लिहीत नव्हते हं, टॉलस्टॉय स्वतः तोफखान्यात होता, सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात. गार्शिन तर १८७७ ला तुर्कांविरुद्धच्या लढाईत आपणहून साधा शिपाई म्हणून गेला, पायाला गोळी लागली तेव्हा २२ चा, तुझ्याहून जेमतेम मोठा. त्याची ‘चार दिवस’ सुट्टीत आलास की देते तुला. जखमी शिपाई चार दिवस झुडपात पडलेला, हलता येत नाही, शेजारी त्यानेच मारलेल्या माणसाचं प्रेत, आणि त्या मेलेल्याच्याच बाटलीतल्या पाण्यावर हा जगतो. ते पान वाचताना तुझाच चेहरा दिसत होता, काय करू.

तुझे उस्ताद सांगतात ते ऐक, पोस्ट सोडायची नाही म्हणजे नाही, मला कळतं ते, तुझ्यामागे झोपलेल्या सगळ्यांचा जीव तुझ्यावर असतो. पण पोस्टनिकोव्हच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? हे फोनवर नको सांगू, मागे पोरं उभी असतात. पत्रात लिही, दोन ओळी चालतील.

तुझी,
आई