लस घेतलीस काय?

कोल्हापूर,
८ ऑक्टोबर २०२५

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

समोरच्या काकूंचा आशुतोष शुक्रवारी निघतोय. तो इंग्लंडात लीड्सला राहणार, पण रविवारी शेफिल्डला येऊन पिशवी देतो म्हणालाय. पिशवीत कांदा-लसूण चटणी, भडंग, मेतकूट आणि काकवी आहे. आईनं तुपाची बरणीपण भरली होती. दुधातुपाचं काही तिकडं नेऊ देत नाहीत म्हणून आशुतोषनं ती काढायला लावली, तेव्हापासून आई त्याच्याशी धड बोलत नाही. पिंट्यानं मोज्यांच्या घडीत काहीतरी कोंबलंय, ते मला दाखवलं नाही.

रविवारच्या फोनबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. "पप्पा, मी बघतो की, किती वेळा तेच तेच सांगायलाय," म्हणून तू फोन ठेवलास. ठीक आहे. पण त्याच्या आधी तू बोलता बोलता थांबलीस आणि खोकलीस. तुझ्याबरोबर राहणाऱ्या दोघी मुली झोपून आहेत, वर्गात निम्मी पोरं शिंकतायत, सप्टेंबरात नवी पोरं जमली की तिथं हे दरवर्षीचंच, असं तू हसत सांगितलंस. तुझ्या आईनं हसून घेतलं. मला काही हसू आलं नाही.

लस घेतलीस काय?

फ्लूची लस मागच्या वर्षी इथं घेतली होती, हे तुझं म्हणणं. अगं, ती मागच्या वर्षीची झाली. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून तुमच्या बाजूच्या देशांसाठी येत्या हिवाळ्याच्या लशीत काय घालायचं ते जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारीत नव्यानं सुचवते. शिवाय अंगातला जुन्या लशीचा जोरही उतरतो. आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात वर येतो, तिकडं थंडीत. टोचून घेतल्यावर अंग तयार व्हायला दोनेक आठवडे जातात, म्हणजे वेळ आत्ताच आहे. नाताळात सगळी आजारी पडल्यावर रांगेत उभं राहून काय मिळवणार?

आणि "मला काय होतंय" हे तर बोलूच नकोस. तुला दमा आहे. घरात हा शब्द कुणी मोठ्यानं काढत नाही हे मला माहीत आहे. तू बारावीत असताना थोरल्या आत्यानं बजावलं होतं, पंप पर्समध्ये तळाला ठेव, चारचौघांत ओढू नको, उद्या स्थळं यायचीत. आत्या मायेनंच बोलली असेल, पण ते तुझ्या डोक्यात घट्ट बसलंय. शेफिल्डात कोण स्थळ घेऊन बसलंय? डॉक्टरकडं नाव नोंदवताना फॉर्मवर दमा लिही. लहानपणी अॅडमिट होतीस तेही लिही, रोजच्या पंपात स्टेरॉइड आहे तेही लिही. असा पंप नेमानं लागणाऱ्यांना, नाहीतर दम्यानं दवाखान्यात राहावं लागलेल्यांना, तिथं सरकारी लस फुकट आहे. १ ऑक्टोबरपासून सुरूही झाली, औषधाच्या दुकानातसुद्धा देतात. लपवलंस तर धडधाकट समजून पैसे मागतील, आणि मग तू पैसे वाचवणार, हे मी लिहून देतो. व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पौंडांच्या हिशोबानं आरोग्याचा अधिभार भरलाय आपण. वसूल कर की जरा!

रागावू नकोस. मी एकदा सुरू झालो की फाउंड्रीतल्या नव्या पोरांना सांगितल्यासारखं सांगत सुटतो. पोरं निदान पळून तरी जातात.

तुला २००९ चं किती आठवतं कुणास ठाऊक. ऑगस्ट होता, पुण्यात स्वाइन फ्लूनं शाळकरी मुलगी दगावल्याची बातमी येऊन गेली होती. मास्क मिळत नव्हते, लोक रुमाल बांधून फिरत होते. गणपतीच्या दिवसांत रात्री तुला धाप लागली. पाऊस असा की रिक्षा मिळेना, शेवटी शेजारच्यांच्या टेम्पोतून नेलं. तुला मांडीवर घेऊन मी तुझ्या बरगड्या बघत होतो, श्वासासरशी आत जायच्या. डॉक्टर म्हणाले दमाच आहे, ते नाही, तरी सकाळपर्यंत माझा विश्वास बसला नाही. तुला मात्र नेब्युलायझरची नळी बघून मजा वाटली. "पप्पा, मला गणपतीची सोंड लावली," म्हणालीस. आज्जी ही गोष्ट अजून सांगते, फक्त तिच्या गोष्टीत टेम्पो तीच चालवत असते.

त्या साथीतला तो विषाणू आता दर वर्षीच्या लशीतला एक आहे. हे परवा वाचलं आणि उगीचच बरं वाटलं.

टोचल्यावर आजारी पडेन, सबमिशन बुडेल, असं म्हणत होतीस. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. लस घेतली म्हणजे फ्लू येणारच नाही असंही कुणी म्हणत नाही. पण आला तर छातीत उतरून दवाखाना गाठायची पाळी कमी येते, आणि तुझ्या छातीचं मला माहीत आहे. इथं असतीस तर रात्री दाराशी उभं राहून श्वास ऐकला असता. तिथं तुझ्या दाराशी कोण उभं राहणार?

बघ, परत तिथंच आलो.

शेफिल्डच्या केल्हम आयलंड म्युझियमबाहेर बेसेमर कन्व्हर्टरसमोर उभी आहेस तो फोटो मी शिरोलीत फाउंड्रीतल्या सगळ्यांना दाखवला. साचे करणारे आमचे मोल्डर फोन हातातून सोडेनात. एवढ्या मोठ्या भांड्यात हवा मारून पोलाद करायचे, असं मी सांगितलं तर म्हणाले, साहेब, आपली पोरगी तिथं शिकतीय म्हणजे झालं. स्टेनलेस स्टील १९१३ साली त्याच गावात ब्रिअर्लीनं काढलं हेही ठोकून दिलं. ओतीव माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्या मामांनी पेढे मागितले, गंगावेशीतून आणून दिले. लहानपणी ओतकाम बघायला हट्टानं यायचीस, वाळूच्या धुळीनं खोकायचीस आणि घरी आईच्या शिव्या मी खायचो. तीच पोरगी आज लोखंडाच्या पोटातलं काय काय मला फोनवर समजावते. मला निम्मंच कळतं, पण फोन स्पीकरवर ठेवतो.

त्या फोटोत गळ्याला मफलर नव्हता. असो.

तर वसुबारसेच्या आत जाऊन ये. नाव नोंदणीचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो, अडलं तर आशुतोषला विचार, त्यानं गेल्या वर्षी भरलाय. ताप आला तर मनानं अँटिबायोटिक घेऊ नकोस, फ्लूवर ते चालत नाही. सरळ डॉक्टरांना फोन कर आणि दमा आहे हे पहिल्या वाक्यात सांग. धाप लागली की ओढायचा निळा पंप कोटाच्या खिशात ठेव, पर्सच्या तळाला नको.

टोचून आलीस की आधी आईला फोन कर, मला नंतर. ती विचारत नाही, पण शेफिल्डचं हवामान तिच्या मोबाइलवर सगळ्यात वर असतं. आणि चटणी एकदम संपवू नकोस, घशाला लागेल.

तुझा,
पप्पा